तांडेल मॅडम आणि हिरवी खूण

"वाचलंस का?" हा प्रश्न तांडेल मॅडम दिवसातून वीस वेळा विचारायच्या, आणि त्या विचारायच्या तेव्हा समोरच्याने वाचलेलं नसायचं. हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. म्हणून तो प्रश्न कधी प्रश्नासारखा वाटायचाच नाही, कोणीतरी कानाला धरून खुर्चीवर बसवल्यासारखा वाटायचा.

आमचं ऑफिस बोईसर स्टेशनच्या पूर्वेला, टाइल्सच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. आठ-नऊ माणसं. कारखान्यांसाठी आणि संस्थांसाठी वेबसाइटवर चालणारी छोटी-मोठी सॉफ्टवेअर बनवायची आणि चालती ठेवायची, हे आमचं काम. बनवणारे आम्ही पाच जण. चालती ठेवणाऱ्या एकट्या हेमलता तांडेल. मुंबईत कुठेतरी भाड्याने घेतलेले आमचे लिनक्स सर्व्हर त्यांच्या ताब्यात असत. काहीही बंद पडलं की फोन आम्हाला यायचे आणि आम्ही त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहायचो.

वय पन्नाशीच्या आसपास. सातपाटीच्या. केसात अबोलीचा गजरा, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ, पायात प्लास्टिकची चप्पल. तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात त्या आकडे टाइप करायला लागल्या होत्या आणि तिथल्या इंजिनियरने टाकून दिलेली जाडजूड पुस्तकं वाचून सगळं शिकल्या होत्या. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती. आवाज मात्र असा, की मजल्यावर चिडल्या तर खाली टाइल्सवाला गिऱ्हाइकाशी बोलायचा थांबे.

मी तिथे लागलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एक साइट बंद पडली. मी सर्व्हर रीस्टार्ट केला. साइट सुरू झाली. मी खूश. मॅडम मागे उभ्या होत्या.

"का बंद पडलेली?"

"माहीत नाही. पण झाली सुरू."

"लॉग वाचलास?"

लॉग म्हणजे सर्व्हर स्वतःची रोजनिशी लिहीत असतो ती. काय आलं, काय बिघडलं, कधी बिघडलं, सगळं त्यात असतं. मी वाचला नव्हता.

"पोर रडतंय म्हणून थोबाडीत दिलीस," त्या म्हणाल्या. "रडं थांबलं. पोटात काय दुखत होतं ते इचारलंस?"

संध्याकाळी साइट पुन्हा पडली. या वेळी त्यांनी मला हात लावू दिला नाही. शेजारी बसवून लॉगच्या ओळी मोठ्याने वाचायला लावल्या, शाळेत धडा वाचतात तशा. चौदाव्या की पंधराव्या ओळीत कारण सरळ लिहिलेलं होतं.

"लिवलंय ना त्याने? मग तुला काय डोळे नाय?"

पुढे असंच एकदा एका साइटवर फोटो चढेनात. इंटरनेटवर कोणीतरी सांगितलेली एक आज्ञा मी सर्व्हरवर चालवली. त्या आज्ञेने त्या फोल्डरमध्ये कुणालाही काहीही लिहायची, पुसायची मोकळीक मिळते. फोटो चढायला लागले. दुसऱ्या दिवशी मॅडमना ते दिसलं.

"दाराची कडी अडकते म्हणून दारच काढून ठेवलंस तू." त्यांनी ती आज्ञा माझ्याकडून उलटी फिरवून घेतली. फोटो पुन्हा बंद. मालक विक्रम सर केबिनमधून हाका मारत होते, गिऱ्हाईक फोनवर होतं, आणि मॅडम मला विचारत होत्या, "फोल्डर कोणाच्या नावावर हाय? आणि त्यात लिवायला कोण बघतंय? दोनच प्रश्न. उत्तर दे, मग जा जेवायला." फोल्डर एकाच्या नावावर होता, लिहू पाहणारा दुसराच होता. फायली हलवताना ती गडबड मीच केली होती. ते तोंडाने कबूल करेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

त्यांचा राग गोड नव्हता, हे सांगायला हवं. आता लांबून बघताना तो गोड करून सांगायचा मोह होतो. फोन घेणाऱ्या मुलीला त्यांनी दोनदा रडवलं. माझ्यावरही एकदा सगळ्यांसमोर नको ते आरोप केले, आणि चूक दुसऱ्या दिवशी त्यांचीच निघाली. तेव्हा मात्र त्या मधल्या जागेत येऊन, तेवढ्याच चढ्या आवाजात म्हणाल्या, "काल संदेशला बोलले ते खोटं व्हतं. माझी चूक हाय." आणि जाऊन बसल्या. विक्रम सरांना चूक कबूल करताना मी चार वर्षांत कधी ऐकलं नाही.

विक्रम सरांनी एकदा भिंतीवर कागद लावला. ऑफिसात मांसाहारी डबा आणू नये, वातावरण प्रसन्न राहावे. नाव कोणाचंच नव्हतं, पण सुके बोंबील डब्यात आणणारं माणूस एकच होतं. मॅडमनी कागद शांतपणे वाचला, डबा उघडला आणि त्या कागदाखालीच खुर्ची ओढून जेवायला बसल्या. सर बाहेर आले तेव्हा म्हणाल्या, "याच बोंबलावर मी शिकले, आणि त्या शिक्षणावर तुमचे सर्व्हर चालतात. वास येत असेल तर तुमी बाहेर जेवा." कागद तसाच राहिला. त्यांचा डबाही.

तारापूरच्या एका कारखान्याला आम्ही गेटवरच्या पासचं सॉफ्टवेअर दिलं होतं. ठेकेदाराच्या कामगाराने पास यंत्रापुढे धरायचा, यंत्र कारखान्यातच ठेवलेल्या सर्व्हरला विचारणार, मग गेट उघडणार. एका सकाळी कुणाचाच पास चालेना. मॅडम आणि मी रिक्षाने गेलो. गेटबाहेर उन्हात साठ-सत्तर माणसं उभी. सरावलीला खोल्या घेऊन राहणारे, बहुतेक उत्तरेकडचे. मीही सरावलीचाच, त्यातले दोघे-तिघे मला ओळखीचे वाटले. सुरक्षा अधिकारी त्यांच्यावर ओरडत होता. त्याच्या मते पास बनावट होते. एका म्हाताऱ्या कामगाराचा पास तर त्याने फाडून टाकला होता.

मी सरळ सर्व्हरच्या खोलीकडे निघालो. मॅडम गेटवर थांबल्या.

"पहले इन लोगों को अंदर छाँव में बिठाओ," त्या म्हणाल्या.

"मॅडम, सिस्टीम रिजेक्ट कर रहा है."

"सिस्टीम झूठ बोल रहा है. ये लोग नहीं. बिठाओ."

तो ऐकेना. मॅडम तिथून हलेनात. शेवटी कारखान्याचा कोणी मॅनेजर आला आणि माणसं आत शेडमध्ये बसली. मगच मॅडम खोलीत गेल्या. बिघाड पाच मिनिटांचा होता. आदल्या दिवशी वीज गेली होती, सर्व्हरच्या आतल्या घड्याळाचा सेल मेलेला होता, आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. सर्व्हरच्या हिशेबाने यांच्या पासची मुदत अजून सुरूच व्हायची होती. मॅडमनी घड्याळ लावलं, सेल बदलायला लिहून दिलं.

काम झाल्याच्या कागदावर त्यांनी सही करायची होती, त्याशिवाय गेट सुरू झाल्याची नोंद होणार नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवलं. "वो जिसका पास फाडा, उसका नया बनाओ. फिर साइन." अधिकारी हसला. मॅडम बसून राहिल्या, दीड तास. नवा पास बनून त्या म्हाताऱ्याच्या हातात पडला तेव्हाच सही झाली. परत येताना रिक्षात मी म्हणालो, बिल अडलं असतं तर सर चिडले असते. त्या म्हणाल्या, "चिडू दे. त्यांना बसायला सावली हाय."

हे सगळं मी पाहिलेलं होतं. माणूस कशासाठी चिडतो आणि कशासाठी अडून बसतो, हे माझ्यासमोर घडलेलं होतं. म्हणून पुढे मी जे केलं त्याला न कळण्याची सबब नाही.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात एका संस्थेची मुलामुलींची वसतिगृहं आहेत. पाड्यांवरची मुलं तिथे राहून शिकतात. आईबाप पावसाचं एक पीक काढून दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात. मूल वसतिगृहात असेल तर शाळेत राहतं, नसेल तर आईबापांबरोबर जातं. प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन घ्यायचं संस्थेने ठरवलं आणि ते काम आम्हाला दिलं. अर्जाची पानं मी बनवली.

फोटो आणि दाखले चढवले की सर्व्हरची डिस्क भरत जाते. ती पुरणार नाही, मोठी घ्या, असं मॅडमनी विक्रम सरांना तीन वेळा लिहून कळवलं होतं. सर प्रत्येक वेळी "बघू" म्हणाले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढतात. भावाची बोट ओढायची म्हणून मॅडम शुक्रवार-शनिवार रजेवर होत्या. अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. शनिवारी दुपारी डिस्क भरली.

भरलेल्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही. माणूस अर्ज भरायचा, बटण दाबायचा आणि लाल अक्षरात यायचं, अर्ज जमा झाला नाही. फोन सुरू झाले. जव्हारच्या दुकानातून, मोखाड्याच्या शाळेतून. सर माझ्या टेबलापाशी आले.

"तो लाल मेसेज काढ. हिरवी खूण दाखव. सोमवारी मॅडम आल्या की बघतील."

"पण सर, अर्ज जातच नाहीयेत."

"जातील रे मागून. लोकांना आत्ता कशाला घाबरवायचं?"

"मॅडमना फोन करू?"

"रजेवर आहेत ना त्या? काही गरज नाही."

मी एक ओळ बदलली. अर्ज सर्व्हरवर उतरो न उतरो, माणसाला हिरवी खूण दिसणार आणि खाली जमा झाल्याची अक्षरं येणार; तेच पान छापलं की पावती. पंधरा मिनिटांत फोन थांबले, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो. सातपाटीला एक फोन केला असता, तर त्यांनी बोटीचा दोर हातात धरून मला सांगितलं असतं काय पुसायचं ते. मी केला नाही. घरी जाऊन जेवलो.

सोमवारी सकाळी मॅडम आल्या, तळहातांना दोराचे वळ होते. आल्या आल्या त्यांना भरलेली डिस्क दिसली. जुने लॉग पुसून जागा करायला त्यांना दहा मिनिटंही लागणार नव्हती. पण पुसण्याआधी त्यांनी वाचलं. लॉग शनिवारी दुपारी मध्येच तुटला होता. डेटाबेसमध्ये शनिवार दुपारपासून एकही नवा अर्ज नव्हता. त्यांनी अर्जाचं पान उघडलं, काहीतरी नाव भरलं, बटण दाबलं. हिरवी खूण आली. 'आपला अर्ज जमा झाला आहे. धन्यवाद.'

तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदा खाली गेलेला ऐकला.

"हे कोणी लिवलं?"

"मी. सरांनी सांगितलं."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "धन्यवादपण सरांनीच सांगितलं?"

धन्यवाद मी माझ्या मनाने लिहिलं होतं.

केबिनचं दार त्यांनी लावून घेतलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. सर म्हणत होते, "ज्यांचे आले त्यांची यादी संस्थेला देऊ. आज मुदत संपते, विषय संपतो. ज्यांचे नाही आले त्यांना कुठे माहीत आहे?"

"त्यांना माहीत नाय म्हणून तर बोलते मी," मॅडम म्हणाल्या. "माहीत असतं तर तेच आले असते तुमच्या उरावर."

हरवलेले अर्ज परत मिळण्यातले नव्हते. कुठे उतरलेच नव्हते. पण अर्ज भरण्याआधी प्रत्येकाच्या मोबाइलवर एक आकडा जायचा, खात्री करायला. ते मेसेज पाठवणारी कंपनी वेगळी होती आणि तिच्याकडे नोंद होती. मॅडमनी शनिवार दुपारपासूनचे सगळे नंबर तिथून काढले, डिस्क मोकळी झाल्यावर ज्यांचे अर्ज खरंच पोचले ते वजा केले. उरले दोनशेच्या आसपास. नावं नाहीत, गावं नाहीत. नुसते फोन नंबर. मग त्यांनी सरांना न विचारता संस्थेच्या सचिवांना फोन लावला. सावे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. जे झालं ते सगळं सांगितलं, फक्त ओळ कोणी लिहिली ते सोडून. गुरुजींनी मुदत चार दिवस वाढवली.

ते चार दिवस मॅडम फोन करत होत्या. मीही करत होतो, पण माझ्याच्याने पहिलं वाक्य निघत नसे. मी "थोडी तांत्रिक अडचण" असं काहीतरी म्हणायचो. त्या पलीकडून ओरडायच्या, "अडचण नाय. खोटं. खोटं म्हण." स्वतः त्या असं बोलायच्या: "तुमचा अर्ज आमच्याकडे पोचला नाय. पावती खोटी हाय. चूक आमची हाय, तुमची नाय. पुन्ना भरावा लागेल."

एका बापाचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. "बाय, हिरवा आला ना पण. मास्तरांनी कागद काढून दिला."

"कागद खोटा हाय, दादा."

"आता भाताच्या आवणीचं राब टाकायचं चाललंय. उतरून यायचं तं दिवस जाईल." मग त्याने विचारलं, "आलो तं मिळंल का पण?"

"मिळेल का ते मला माहीत नाय," मॅडम म्हणाल्या. "या वेळी अर्ज पोचेल. तेवढं मी बघेन."

फोन ठेवल्यावर त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की माझ्या चहाचा कप कलंडला. त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीसेक नंबर लागलेच नाहीत. वर पाड्यावर रेंज नाही, किंवा फोन शेजाऱ्याचा, किंवा दुकानदाराचा. मॅडम रोज सकाळी ते सगळे पुन्हा फिरवायच्या. गुरुजींनी शाळांमधून निरोप पाठवले. काही लोक आले. किती राहिले ते कोणालाच सांगता येणार नाही. जे यादीतच आले नाहीत त्यांची मोजणी कशी करणार.

मग विक्रम सरांनी सगळं मॅडमवर ढकलून संस्थेला पत्र दिलं. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरच्या गैरहजेरीमुळे व हलगर्जीपणामुळे. गुरुजी ऑफिसात आले. केबिनमध्ये सर, गुरुजी, मॅडम आणि मी. मॅडमनी डिस्कबद्दल लिहिलेले तिन्ही मेल छापून आणले होते. गुरुजींनी चष्मा काढून ते वाचले, मग विचारलं, "डिस्कचं कळलं. पण अर्ज पोचला नसताना पोचला असं सांगायचं, हे कोणी ठरवलं?"

"सर्व्हरवर जे असतं ते मॅडमच्या अखत्यारीत," सर म्हणाले.

"मी नाय लिवलं," मॅडम म्हणाल्या. "कोणी लिवलं ते ज्याचं त्याने सांगावं."

आणि त्या थांबल्या. माझं नाव त्यांच्या ओठांवर होतं, त्यांनी ते घेतलं नाही. गुरुजी माझ्याकडे बघत होते. सर मोबाइलकडे बघत होते. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे बघत होतो. जून महिना, वरती कुठल्याशा सिमेंटचं चित्र. मला वडिलांचं वय आठवलं, खोलीचे हप्ते आठवले. घाबरणाऱ्या माणसाला जे जे आठवतं ते सगळं आठवलं. मी बोललो नाही.

मॅडम उठल्या. टेबलापाशी जाऊन डब्याची पिशवी घेतली आणि जिना उतरून गेल्या. त्यांना काढलं असं सर पुढे सगळ्यांना सांगायचे. बोईसर-तारापूर पट्ट्यात या कामाच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि सरांची ओळख सगळीकडे. दोन ठिकाणी त्यांना दारातूनच परत पाठवलं, असं माझ्या कानावर आलं. त्यांची खुर्ची मला मिळाली.

ऑगस्टमध्ये एक माणूस जिना चढून आला. मोखाड्याच्या बाजूचा, पन्नाशीचा, पावसाने गुडघ्यापर्यंत भिजलेला. तो आधी कोळगावला, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या मोठ्या इमारतीत गेला होता. तिथे त्याला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवत शेवटी कोणीतरी आमचा पत्ता दिला होता. त्याने पिशवीतून एक कागद काढला. पावती होती. हिरवी खूण, धन्यवाद. भिजू नये म्हणून तिला प्लास्टिक चढवून घेतलं होतं.

"पोरीचा नंबर कधी लागंल?" त्याने विचारलं. "शाळा चालू झाली, आजून कोणी बोलावलं नाय."

सर बाहेरगावी होते. ऑफिसात मी आणि फोनवरची मुलगी. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि मॅडम म्हणायच्या तसंच म्हणालो. "पावती खोटी आहे. तुमचा अर्ज आलाच नाही. ही खोटी पावती मी बनवली."

तो चिडला नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्याने पावती उलटी करून पाहिली, मागे काही लिहिलंय का ते बघितल्यासारखी. मग म्हणाला, "मग खरी कुठं मिळते?"

मी सावे गुरुजींना फोन लावला. ते बोलले, धडपडले, पण वसतिगृहं भरून गेली होती. पुढल्या वर्षी, म्हणाले. मुलगी कुठे आहे, मी विचारलं. "घरीच हाय. दिवाळीनंतर येल आमच्यासंगत कामाला." त्याने पावती पुन्हा पिशवीत घातली. कशाला घातली कोणास ठाऊक.

एवढं झालं तरी पत्र लिहायला मला दिवाळी उजाडली. त्यात मी सगळं लिहिलं. ओळ मी बदलली, सरांच्या सांगण्यावरून बदलली, तांडेल मॅडम रजेवर होत्या, त्यांना कळवू दिलं नाही, डिस्कबद्दल त्यांनी तीनदा सांगितलं होतं, आणि गुरुजींनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. एक प्रत गुरुजींना दिली, राजीनामा सरांच्या टेबलावर ठेवला. सर हसून म्हणाले, "आता हिरो व्हायचंय का तुला?"

संस्थेने ते काम सरांकडून काढून घेतलं. पुढे दोन-तीन महिन्यांनी तारापूरच्या एका कारखान्यातून मला फोन आला. हेमलता तांडेल यांनी एक पत्र दाखवलंय, तुम्हीच लिहिलंय का? मी हो म्हणालो. त्यांना तिथे नोकरी लागली, असं कळलं. तो खोटी पावती घेऊन आलेला माणूस मला पुन्हा भेटला नाही.

मॅडमना पत्राची दुसरी प्रत द्यायला मी सातपाटीला गेलो होतो, तेव्हाची त्यांची भेट शेवटची. घर विचारत विचारत खाडीकडे गेलो. बांबूंच्या ओळींवर बोंबील जोडी-जोडीने टांगायचं काम चाललं होतं. मॅडम, त्यांची आई आणि आणखी दोघी. मॅडमनी मला लांबूनच पाहिलं, पण हातातली टोपली संपेपर्यंत त्या आल्या नाहीत. आल्या, तेव्हा पदराला हात पुसून कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

"तारीख नाय घातलीस," त्या म्हणाल्या.

मी खिशातून पेन काढलं. कागद गुडघ्यावर ठेवला आणि जूनमधली ती केबिनमधली तारीख लिहायला लागलो. मला वाटलं, ज्या दिवसाची गोष्ट त्या दिवसाची तारीख.

"ती नको," त्या म्हणाल्या. "आजची घाल."

मी आजची घातली. कागद त्यांनी घडी करून ब्लाउजमध्ये खोचला.

आईने तिकडून विचारलं, "कोण हाय गो?"

"हापिसातला."

"चाय ठेवू का?"

मॅडम टोपली उचलून परत बांबूंकडे निघाल्या होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "नको. त्याची बस हाय."

बसला अजून तासभर होता. मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो.